भूत सांगाल तर त्याचा उताराही सांगा

तुमचा प्रश्न असा आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही डब्लिनला आलात, मुलगी नऊ वर्षांची. हॅलोवीनच्या आधी शाळेत तिने आयर्लंडच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या आणि तेव्हापासून रात्री बाहेर काही ओरडलं की ‘बॅन्शी आली’ म्हणून ती पांघरुणात शिरते. बॅन्शी म्हणजे मरणाची वर्दी देत रडणारी तिथल्या गोष्टींतली बाई. यांतले भीतीदायक कोण आणि प्रेमळ कोण याची यादी मिळाली, तर तिला प्रेमळ तेवढेच सांगेन, असं तुम्ही लिहिलंत.

आधी त्या ओरडण्याचं बघू, कारण पोरीची झोप महत्त्वाची. डब्लिनच्या वस्त्यांमधून कोल्हे सर्रास फिरतात. कोल्हीण ओरडते तेव्हा कुणी बाई जिवाच्या आकांताने किंचाळतेय असंच वाटतं, आणि ऐन थंडीत हे ओरडणं वाढतं. खेड्यापाड्यांत हेच काम गव्हाणी घुबड करतं. आयरिश भाषेत त्याचं नावच ‘स्क्रेखोग रेलिगे’ आहे, म्हणजे कबरस्तानात किंचाळणारी. कोल्हिणीच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग मुलीला दिवसाउजेडी एकदा ऐकवा. निम्मी भीती तिथेच जाईल.

उरलेली निम्मी बॅन्शीच्या नियमानेच जाते. बॅन्शी वाटेल त्या घरासमोर रडत नाही. ती जुन्या गेलिक घराण्यांची असते, ज्यांच्या आडनावाआधी ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लागतो त्यांची. ओब्रायन, ओनील, मॅकार्थी अशा घरात कुणी मरणार असेल तर ती येऊन रडते. तुम्ही कुलकर्णी असा, शिंदे असा की फर्नांडिस, तुमच्या घराशी तिचा संबंध नाही. मुलीची समजूत काढायला रचलेली ही सबब नाही, परंपरेतलाच नियम आहे आणि तो तिला तसाच सांगा.

आता यादीबद्दल. गेली वीसेक वर्षं मी या गोष्टी मुलांना सांगते आहे, मराठीत आणि इंग्रजीत. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशीच यादी केली होती, एका बाजूला गोड आणि दुसऱ्या बाजूला भयंकर. ती टिकली नाही. ‘गोड’ रकान्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावच्या गोष्टीत भयंकर निघाला, आणि ‘भयंकर’ रकान्यातले निम्मे कुणाचे तरी रक्षणकर्ते निघाले. मग माझ्या लक्षात आलं की जुने आयरिश सांगणारे भीती कधी सुटी सांगतच नाहीत. भुताबरोबर त्याचा नियम सांगतात आणि नियम मोडला तर काय करायचं तेही सांगतात. आपल्याकडे ज्याला उतारा म्हणतात, तो गोष्टीच्या पोटातच असतो. हल्लीच्या चित्रमय याद्यांमध्ये चेहरा राहिला आहे आणि उतारा गळून पडला आहे. तुमच्या मुलीच्या वाट्याला तेवढा चेहराच आला, म्हणून ती घाबरली.

बॅन्शीचंच घ्या. ‘बॅन शी’ म्हणजे शीमधली बाई. ‘शी’ म्हणजे टेकडीच्या पोटातलं अद्भुत लोकांचं घर. मराठीत कुणी तिला हडळ म्हटलं की मला वाईट वाटतं. हडळ पछाडते, बॅन्शी कुणाला हातही लावत नाही. या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या पॅट्रिशिया लायसॅट यांनी गावोगावचे शेकडो अनुभव तपासले, तेव्हा हेच दिसलं की ती बहुतेकदा फक्त ऐकू येते आणि मृत्यूची वर्दी देते, मृत्यू आणत नाही. पूर्वी आयर्लंडमध्ये मयताच्या घरी शोकगीत गाणाऱ्या बायका असत. बॅन्शी ही त्या बायकांची पलीकडच्या जगातली बहीण. क्लेअर परगण्यातल्या किलालू गावाजवळच्या क्रॅग्लीच्या कड्यावर राहणारी ईव्हल ही ओब्रायन घराण्याची अशीच सांभाळणारी. 1014 साली क्लॉन्टार्फच्या लढाईच्या दिवशी या घराण्याचा मूळपुरुष, वृद्ध राजा ब्रायन बोरू आपल्या माणसांना सांगतो, की काल रात्री ईव्हल येऊन गेली, आज मी मरणार. आपल्या माणसासाठी रात्रीची चालत आलेली ही बाई. तिला राक्षसीण कसं म्हणायचं?

तिचा नियम एकच आहे: वाटेत पडलेली फणी उचलायची नाही. ती केस विंचरत बसते आणि फणी तिची असू शकते. गोष्टीत कुणीतरी आगाऊ तरुण फणी उचलून घरी नेतोच. रात्री खिडकीबाहेर असा आकांत सुरू होतो की भिंती हादरतात. घरातलं कुणी जाणतं माणूस सांगतं, फणी चुलीतल्या चिमट्यात धर आणि खिडकीतून दे, हाताने देऊ नको. तो देतो. चिमटा परत आत येतो तेव्हा लोखंड पिळवटलेलं असतं. मुलं इथे श्वास रोखतात, आणि पुढच्या क्षणी त्यांना कळतं की हात शाबूत आहे. उतारा माहीत होता म्हणून वाचला.

जी माणसं टेकड्यांत राहतात म्हणतात, त्यांना जुने लोक नावाने हाक मारत नसत. ‘डीना माहा’ म्हणत, चांगली माणसं. इंग्रजी फेअरी या शब्दाने पंख आणि चांदणीची काठी डोळ्यांसमोर येते, ती इथली नाही. ही माणसं आपल्याच उंचीची, शेती करणारी, गुरं राखणारी, हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळणारी. शेजारी म्हणा हवं तर. त्यांच्याशी वागायचे रिवाज घरकामात मुरलेले होते. रात्री खरकटं पाणी बाहेर फेकायचं तर आधी ‘सांभाळा हो’ म्हणून ओरडायचं, न जाणो कुणी चाललेलं असेल. गाय व्यायली की पहिल्या चिकातला थोडा जमिनीवर सांडायचा. निजताना चूल सारवून-आवरून ठेवायची, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. खरवसासाठी चीक जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे सांगितलं की आजी लोक लगेच मान डोलावतात.

लेप्रेकॉन या बुटक्याला आज हिरवा कोट घालून दुकानांत उभं केलंय, पण त्याचा सगळ्यात जुना उल्लेख पाण्याचा आहे. आठव्या शतकातल्या गोष्टीत अल्स्टरचा राजा फर्गस माक लेटी समुद्रकाठी झोपलेला असताना छोट्या शरीराचे जीव त्याला उचलून पाण्यात न्यायला लागतात. गार पाण्याने त्याला जाग येते, तो तिघांना पकडतो आणि सोडण्याच्या बदल्यात पाण्याखाली फिरण्याची विद्या मागून घेतो. ते देतात, पण बजावतात की तुझ्याच मुलखातल्या लोख रूरीच्या पाण्यात उतरायचं नाही. तो अर्थातच उतरतो. तिथल्या अजस्र जलचराला पाहून भयाने त्याचं तोंड वाकडं होतं आणि कायमचं तसंच राहतं. पुढे शतकांच्या प्रवासात हे बुटके लोक कोरड्यावर आले, चांभार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात त्याचा कोट लाल सांगितला आहे, हिरवा नंतरचा. मुलांना आवडते ती शेतातली गोष्ट. एक माणूस त्याला पकडतो आणि सोनं कुठे पुरलंय ते विचारतो. तो पिवळ्या फुलांच्या रानझुडपांनी भरलेल्या शेतातलं एक झुडूप दाखवतो. कुदळ आणायला घरी जाताना हा खुणेसाठी आपला लाल पट्टा झुडपाला बांधतो आणि तो सोडणार नाहीस असं वचन घेतो. परत येऊन बघतो तर पट्टा जागेवर आहे, पण शेतातल्या एकूण एक झुडपाला तस्साच लाल पट्टा. वचन पाळलं, सोनंही वाचवलं. हा मित्र की शत्रू, हे मुलांना विचारा आणि त्यांना भांडू द्या.

पूका या रूपं बदलणाऱ्या भुताचंही तसंच. रात्री काळा घोडा होऊन एकट्या वाटसरूला पाठीवर घेतो, काटेकुटे आणि दलदलीतून उधळतो आणि पहाटे चिखलात टाकून देतो. नोव्हेंबर लागला की रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, पूकाने त्या नासवलेल्या असतात. त्या सुमाराला ती फळं खरंच बुरशी धरतात, तेव्हा हा नियम पोटालाही बरा. डब्लिनहून विकलोच्या बाजूला गेलात तर लिफी नदीवर पूलाफूका लागतं, म्हणजे पूकाचं विवर. तिथे आज जलविद्युत केंद्र आहे. पण हाच पूका किल्डेअरच्या एका गोष्टीत गाढवाच्या रूपात रोज रात्री स्वयंपाकघरात येतो, भांडी घासतो, केर काढतो आणि पहाटेपूर्वी निघून जातो. एक दिवस पोरं धीर करून त्याच्याशी बोलतात. तो सांगतो, जिवंतपणी मी याच घरातला कामचुकार पोऱ्या होतो, ही त्याची शिक्षा आहे. आणि थंडी फार वाजते. सगळे मिळून त्याला ऊबदार कोट शिवून देतात. तो घालून बघतो, खूश होतो आणि म्हणतो, माझ्या कामाला दाद मिळाली तेव्हा शिक्षा संपली. तो जातो आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी परत पोरांच्या गळ्यात. पूका भीतीदायक वाटणाऱ्या मुलांना मी आधी हीच गोष्ट सांगते.

निखळ प्रेमळ म्हणावी अशी एक गाय आहे, ग्लास गव्नन. गोव्नू लोहाराची ही गाय कुठलंही भांडं भरून दूध देई, लहान असो की मोठं. मग कुणीतरी पैज लावली की ती भरू शकणार नाही असं भांडं मी आणते, आणि तिच्याखाली चाळणी धरली. दूध ओघळत राहिलं, गाय देत राहिली, आणि खंगून गेली. इथे प्राणी पूर्ण निर्दोष आहे, भयंकर आहे ते माणूस. लहान मुलं या गोष्टीला रडतात. रडू द्यावं.

उलट बाजूला भुकेचं गवत. ‘फेअर गोर्ताख’ म्हणतात त्याला. माळावरच्या एखाद्या तुकड्यावर पाय पडला की धडधाकट माणसाला अचानक अशी भूक लागते की तो कोसळतो. 1845 ते 1852 च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली, कित्येक रस्त्याच्या कडेलाच. जिथे कुणी भुकेने मेलं तिथे हे गवत उगवतं, असं लोक सांगू लागले. उतारा काय, तर खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. एक घास तोंडात टाकला की माणूस उठतो. आणि त्याच भुकेचा माणूस, ‘फार गोर्ता’, हाडांचा सापळा होऊन दारी भीक मागत येतो. त्याला जो देईल त्याच्या घरी कधी उणं पडत नाही. दिसायला सगळ्यात भयाण तोच, आणि त्याचा उतारा म्हणजे मूठभर पीठ.

एक सावधगिरी. इंटरनेटवर मिळतं ते सगळं जुनं नसतं. डेरी परगण्यातला अव्हार्ताख हल्ली ‘आयर्लंडचा रक्तपिपासू’ म्हणून फिरतो. एकोणिसाव्या शतकात छापली गेलेली त्याची गोष्ट वाचली तर तो एक क्रूर, जादूटोणा करणारा बुटका सरदार आहे. उभा पुरला तर परत परत उठतो, शेवटी डोकं खाली करून पुरतात तेव्हा थांबतो. रक्त पिणं त्यात नाही, ते नंतर चिकटलं. दुसरं उदाहरण उलटं आहे. मेलेल्या खलाशांचे आत्मे मासे पकडायच्या टोपल्यांत साठवणाऱ्या हिरव्या दाताच्या मत्स्यमानवाची गोष्ट थॉमस कीटली या लेखकाने जर्मन कथेवरून स्वतःच रचल्याचं नंतर कबूल केलं. पण तोपर्यंत किनाऱ्यावरचे लोक ती आपली म्हणून सांगू लागले होते. मी ती सांगते, मात्र तिचा जन्म कसा झाला ते मोठ्या मुलांना सांगूनच.

अस्सल ऐकायचं असेल तर शाळेतल्या मुलांनी जमवलेलं वाचा. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे 5,000 शाळांमधल्या 50,000 च्या आसपास मुलांना वह्या घेऊन घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी होती. ‘डूखस’ या संकेतस्थळावर त्यांच्या हस्ताक्षरातली पानं फुकट बघायला मिळतात. तुमच्या भागातल्या शाळेची वही शोधून मुलीला दाखवा. आपल्यासारखंच कुणीतरी हे लिहून घेतंय हे दिसलं की भूत कागदावर येऊन बसतं.

आता तुमच्यासाठी, मुलीसाठी नव्हे. या परंपरेत खरी भीती मला एकाच ठिकाणी वाटते, आणि ती कुठल्या भुतात नाही. चांगली माणसं कधी कधी माणसाला, विशेषतः तान्ह्या बाळाला किंवा तरुण बाईला, उचलून नेतात आणि जागी एक आजारी, किरकिरा तोतया ठेवतात, अशी समजूत होती. गोष्टीतला उतारा गमतीचा आहे: आई अंड्याच्या कवचात पाणी उकळायला ठेवते, पाळण्यातला तोतया न राहवून उठून म्हणतो, इतकी शतकं जगलो पण असला स्वयंपाक पाहिला नाही! पकडला गेला, की पळतो. पण उतारा गोष्टीतून बाहेर आला तेव्हा काय झालं ते टिपरेरीतल्या बॅलीवाडलीमध्ये घडलं. 1895 च्या मार्चमध्ये ब्रिजेट क्लीअरी ही शिवणकाम करून स्वतः कमावणारी तरुणी आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, असं नवरा मायकेलने ठरवलं. नातेवाइकांच्या देखत तिला दुधात उकळलेला काढा बळजबरीने पाजला, तू कोण म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं, चुलीपाशी धरलं, आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. त्यानंतर तो किलनाग्रानाच्या, चांगल्या माणसांची मानलेल्या जुन्या गढीपाशी रात्री जाऊन थांबला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल आणि तिला सोडवू, म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल 20 वर्षांची शिक्षा झाली, 1910 मध्ये तो सुटला. आजारी बाईला ‘ही आपली राहिली नाही’ म्हणणारे आपल्याकडेही आहेत, अंगारे-धुपारे करून तिला मारहाण करणारेही आहेत. उतारा वस्तूवर, उंबऱ्यावर, स्वतःच्या वागण्यावर करायचा असतो. दुसऱ्या माणसाच्या अंगावर करायला घेतला की तो गुन्हा असतो. गोष्टी सांगणाऱ्याने हे विसरू नये.

त्याच भीतीने जपलेलंही पुष्कळ आहे. देशभर सुमारे 45,000 गोल मातीच्या गढ्या आहेत, मुख्यतः इसवी सन 500 ते 1000 मधल्या शेतकऱ्यांची घरं. पुढच्यांनी त्या चांगल्या माणसांच्या मानल्या, त्यांवर नांगर घालायला धजले नाहीत, म्हणून इतक्या उरल्या. आणि 1999 मध्ये क्लेअरमधल्या लाटून इथे नव्या महामार्गाच्या आड हॉथॉर्नचं एकटं काटेरी झुडूप येत होतं. मन्स्टर प्रांताचे शीलोक कॉनाख्ट प्रांतवाल्यांशी लढायला निघताना त्या झुडपापाशी जमतात, ते तोडू नका, असं गोष्टी सांगणारे एडी लेनिहान जाहीरपणे सांगत राहिले. रस्त्याचा आराखडा बदलला आणि झुडूप राहिलं. सुट्टीत लिमरिकहून एनिसकडे गेलात तर मुलीला दाखवा.

आज रात्री काय सांगू, असं विचाराल तर शिंगवाल्या बायकांची गोष्ट सांगा. भीतीही भरपूर, उतारेही चार. एक बाई रात्री उशिरापर्यंत लोकर पिंजत बसलेली असते, घरचे सगळे झोपलेले. दार वाजतं. कपाळावर एक शिंग असलेली बाई आत येते, मग दोन शिंगांची, अशा बारा शिंगांपर्यंत बारा जणी. त्या गात गात सूत कातू लागतात. घरच्या बाईला हलता येईना की बोलता. त्या तिला वडी भाजायला सांगतात आणि पाणी आणायला चाळणी देतात. ती विहिरीपाशी रडत बसते. तेव्हा आवाज येतो: पिवळी माती आणि शेवाळ घे, चाळणीला लिंप. हा आवाज विहिरीच्या आत्म्याचा, हे गोष्टीत पुढे कळतं. मुलांनी विचारलं तर ‘विहिरीचा’ म्हणा. तोच आवाज सांगतो, घराच्या उत्तर कोपऱ्यावर जाऊन तीनदा ओरड, स्लीव्हनामॉनचा डोंगर पेटला! डोंगर त्या बायकांचं घर. त्या किंकाळ्या फोडत पळतात.

त्या परत येणार हे आवाजाला माहीत असतं. म्हणून बाई चार कामं करते. लेकरांचे पाय धुतलेलं पाणी उंबऱ्याबाहेर शिंपडते. ती बाहेर असताना त्या बायकांनी मळलेली, झोपलेल्यांच्या रक्ताची वडी मोडून तुकडा तुकडा निजलेल्यांच्या तोंडात घालते. त्यांनी विणलेलं कापड पेटीत अर्धं आत, अर्धं बाहेर ठेवून कुलूप लावते. आणि दाराला अडसर घालते. बायका येतात, हाका मारतात. पाय धुतलेल्या पाण्या, दार उघड! पाणी म्हणतं, मी सांडलंय, वाहून चाललंय. अडसरा, उघड! अडसर म्हणतो, मी घट्ट बसलोय. वडी, तू उघड! वडी म्हणते, मी मोडलेय, माझं रक्त लेकरांच्या ओठांवर आहे. विहिरीच्या आवाजाला शिव्या घालत त्या निघून जातात. पळताना एकीची शाल पडते, ती त्या घरात पुढे पाचशे वर्षं टांगलेली होती म्हणतात.

वडीतलं रक्त नऊ वर्षांच्या मुलीला जड वाटलं तर गाळा, पण हाका आणि उत्तरं गाळू नका. हाका तुम्ही मारा, उत्तरं तिला देऊ द्या. पाण्याचं उत्तर ती हळू आवाजात देईल. अडसराचं देईपर्यंत तिचा आवाज मोठा झालेला असेल.